संगणकाची बोली आणि एक बंद बटण

तुमच्या वर्गात कधी असा प्रश्न येतो का, की ज्याचं उत्तर बाईंना नक्की येत असणार असं सगळ्यांना वाटतं, आणि बाईंच्या छातीत मात्र धडधड सुरू होते? आमच्या सातवीत असा प्रश्न आला. संगणकाचा तास होता. एका मुलाने विचारलं, "बाई, कॉम्प्युटरला मराठी येतं का?"

"नाही रे."

"मग इंग्रजी?"

"तेही नाही."

"मग ह्याला येतं तरी काय?"

पुस्तकात छापलेलं उत्तर मी देऊन टाकलं. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतं. वर्गाने माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण बाई, शून्य आणि एक कळलं की तो पुढे करतो काय?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." बाईंच्या ‘उद्या सांगते’चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच!

ही मुलगी एरवी संगणकाला हातही लावत नसे. ‘मोडलं तर?’ हे तिचं ठरलेलं उत्तर. चार संगणकांपुढे आठ-आठ मुलं दाटीवाटीने बसत. माऊस नेहमी त्याच दोघा-तिघांच्या हातात आणि ही सगळ्यांच्या मागे. तिने विचारलेला हा पहिलाच प्रश्न. त्यामुळे तो टाळायचा नाही, एवढं मी त्याच दिवशी ठरवलं.

डी.एड.ला आम्हाला पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं, फळा कसा भरायचा ते शिकवलं, पण संगणकाच्या पोटात काय चालतं ते काही शिकवलं नाही. म्हणून मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले. ती आता डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिने टेबलावर एक लांबट काळी चिप ठेवली. दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय, अगदी गोमेसारखी.

"हा ८०८५. इंटेल कंपनीचा प्रोसेसर, १९७६ सालचा," ती म्हणाली. "ह्याच्यात साडेसहा हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर आहेत. तुझ्या मोबाइलमधल्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी असतात. पण शिकायला हाच बरा. ह्याचा सगळा संसार एका कागदावर मावतो."

म्हातारा म्हणून त्याला हसू नका हं! ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. त्यातून सोजर्नर नावाची सहा चाकांची छोटी गाडी बाहेर पडली. त्या गाडीचा मेंदू म्हणजे ह्या ८०८५चाच एक भाऊबंद होता.

आता त्या संसाराची गोष्ट. प्रोसेसरच्या आत काही छोट्या पेट्या असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. ८०८५मध्ये त्यांची नावं ए, बी, सी, डी, ई, एच आणि एल अशी आहेत. एका पेटीत एका वेळी एकच आकडा मावतो. बाहेर असते मेमरी. ती पोस्टातल्या कप्प्यांसारखी, प्रत्येक कप्प्याला क्रमांक. प्रोसेसर कप्प्यातला आकडा उचलतो आणि त्या आकड्याचा अर्थ जे काही असेल ते करतो. ते झालं की पुढचा कप्पा. दिवसभर त्याचं एवढंच काम! ३ई आकडा दिसला, तर ‘पुढच्या कप्प्यात जे असेल ते ए पेटीत भर’. ८० दिसला, तर ‘बी पेटीतला आकडा ए मधल्या आकड्यात मिळव’. ७६ दिसला, तर ‘थांब’. ८०८५ला असे २४६ आकडे कळतात. गुणाकार त्यात नाही. भागाकारही नाही.

(३ई हा आकडा कसा, असं विचाराल. संगणकवाले सोळाच्या गटाने मोजतात. नऊनंतर दहा न लिहिता ए लिहायचं, मग बी, सी, डी, ई, आणि पंधराला एफ. सोळा झाले की १०. ह्या पद्धतीला हेक्साडेसिमल म्हणतात. नाव अवघड आहे, रीत नाही.)

पण २४६ आकडे पाठ कोण करणार? म्हणून माणसांनी प्रत्येक आकड्याला एक छोटं नाव दिलं. ३ईचं नाव ‘एमव्हीआय ए’. ८०चं ‘एडीडी बी’. ७६चं ‘एचएलटी’. ह्या नावांची जी बोली तयार होते, ती असेम्ब्ली लँग्वेज. आपण नावं लिहायची आणि त्यांचे आकडे करून देणारा एक प्रोग्रॅम असतो, तो असेम्ब्लर. ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ ह्या गणितज्ञ बाईंनी १९४७च्या सुमारास आपल्या यंत्रासाठी अशी खुणांची भाषा तयार केली होती. केंब्रिजचं एडसॅक हे यंत्र मे १९४९मध्ये चालू झालं. त्यात मिळवण्यासाठी ए, वजा करण्यासाठी एस अशी एकेक अक्षरं लिहीत. त्या अक्षरांचे आकडे करणारा छोटासा प्रोग्रॅम डेव्हिड व्हीलर ह्या तरुण विद्यार्थ्याने लिहिला. पहिला असेम्ब्लर लिहिण्याचा मान त्यालाच दिला जातो.

हे सगळं ऐकून मी खूश. आता एक असेम्ब्लर शाळेत आणायचा आणि शिकवायचं! पण खरी मजा पुढेच होती.

पूर्वी डॉसच्या काळात डीबग नावाचा छोटा प्रोग्रॅम संगणकाबरोबरच मिळत असे. त्यात दोन-चार ओळी टाइप केल्या की लगेच आज्ञा चालवून बघता यायच्या. आमच्या शाळेतले संगणक जुने असले, तरी इतके जुने नाहीत. त्यांच्यातल्या ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डीबग येतच नाही. मग कोणीतरी नॅझम सुचवला. हा असेम्ब्लर १९९६ सालापासून आहे, फुकट मिळतो आणि फार चांगला आहे, पण मोठ्या माणसांसाठी! पडद्यावर नुसतं ‘नमस्कार’ उमटवायचं, तरी आधी विंडोजची कितीतरी मनधरणी करावी लागते. आणि प्रोग्रॅम चालला, तर क्षणात संपतो. ए पेटीत काय गेलं, बी मधून काय आलं, काहीच दिसत नाही. मला तर तेच दाखवायचं होतं.

मैत्रिणीने मग जीएनयूसिम८०८५ दिला. हा सिम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा खोटा-खोटा ८०८५. एका बाजूला आज्ञा लिहायच्या, दुसऱ्या बाजूला सगळ्या पेट्या दिसतात. एक-एक पायरी चालवता येते. तोही फुकट, आणि एकदा संगणकात घातला की इंटरनेट लागत नाही. मला वाटलं, झालं काम!

कुठलं काय! आठ मुलं, एक पडदा. दोघं बटणं दाबत होते, बाकीचे छताकडे बघत होते. आणि ती मुलगी? सगळ्यांच्या मागे. तिच्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर चाललं होतं आणि तिला पुढच्याचं डोकं दिसत होतं.

त्या रात्री मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, कागदाचा संगणक कर." मला वाटलं, चेष्टा करतेय. पण नाही! १९६८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्सने शाळांसाठी खरोखरच पुठ्ठ्याचा संगणक काढला होता. त्याचं नाव कार्डिअ‍ॅक. त्यात शंभर कप्पे आणि दहा आज्ञा. आकडे पेन्सिलीने लिहायचे, खोडरबराने पुसायचे, कागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. वीज नाही, तारा नाहीत. त्याच्याही आधी, १९६५ साली, एमआयटी विद्यापीठात स्टुअर्ट मॅडनिक ह्यांनी ‘लिटल मॅन काँप्युटर’ काढला. संगणकात एक छोटा माणूस बसला आहे आणि तो टपालाच्या कप्प्यांतल्या चिठ्ठ्या वाचून कामं करतो आहे, अशी ती कल्पना.

आमच्याकडे छोटी माणसं भरपूर होती! दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी खडूने सोळा चौकोन आखले. त्यांना ० पासून ९ आणि मग ए पासून एफ असे क्रमांक घातले. प्रत्येक चौकोनात एक पाटी. एक मुलगा झाला ए पेटी, एक मुलगी बी पेटी. दोघांच्याही हातात पाट्या. एक जण गणित करणारा. आणि कुठल्या चौकोनातली आज्ञा चालू आहे, हे दाखवत चौकोनांतून चालणारी व्यक्ती म्हणजे ती. इथे मोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती तयार झाली.

काम दिलं सात सक बेचाळीस. गुणाकार येत नाही ना, मग सहा वेळा सात मिळवायचे! बी पेटीत ६ भरायचे. ए मध्ये ७ मिळवायचे. बी मधून एक कमी करायचा. बी शून्य झाली नसेल तर परत ‘सात मिळव’वर उडी मारायची. शून्य झाली की थांबायचं. आकड्यांत लिहिलं तर असं: ०६ ०६, सी६ ०७, ०५, सी२ ०२ ००, ७६. ह्यातला सी२ म्हणजे उडी, आणि ०२ ०० म्हणजे उडी कुठे मारायची तो पत्ता. पत्त्याचा मागचा भाग आधी लिहायचा, ही ८०८५ची खोड. उडी चौकोन दोनवर.

ती चालू लागली. शून्य, एक, दोन, तीन… उडी! परत दोनवर. सहा फेऱ्या झाल्या, ती थांबली. ए पाटीवर आकडा आला एक्कावन्न!

सगळे गणित करणाऱ्यावर तुटून पडले. तो बिचारा रडकुंडीला आला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की आधीच्या खेळातले ९ ए पाटीवर तसेच राहिले होते. पाटी पुसा, असं आपण प्रोसेसरला सांगितलंच नव्हतं. न सांगता तो काहीच करत नाही. पाटीसुद्धा पुसत नाही.

म्हणून सुरुवातीला ‘३ई ००’, म्हणजे ए मध्ये शून्य भर, ही आज्ञा घातली. सगळ्या पाट्या दोन-दोन चौकोन पुढे सरकवल्या आणि परत सुरू. पाच फेऱ्या झाल्या, सहा झाल्या, नऊ झाल्या. ती चालतेच आहे, उड्या मारतेच आहे! ए पाटीवरचा आकडा फुगत चाललाय. "बाई, हे संपतच नाही!" ती धापा टाकत ओरडली.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? पुढे वाचण्याआधी कागदावर करून बघा.

पाट्या सरकल्या, पण उडीचा पत्ता ०२ तसाच राहिला होता. आणि चौकोन दोनमध्ये आता ‘बी मध्ये सहा भर’ ही आज्ञा येऊन बसली होती. त्यामुळे प्रत्येक फेरीत बी परत सहा. शून्य होणार कधी? उडीचा पत्ता ०४ करायला हवा होता. तो केला आणि बेचाळीस आले. व्हरांडा दणाणला. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

"म्हणजे बाई, एक आज्ञा वाढली की सगळे पत्ते परत मोजायचे?" तिने विचारलं.

"हो. आणि आज्ञा हजार असतील तर?"

ती विचार करून म्हणाली, "मग पत्ता कशाला लिहायचा? त्या पाटीला नावच देऊन टाकायचं. नावाला उडी मार म्हणायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. असेम्ब्लरमध्ये ह्याला लेबल म्हणतात. आपण जागेला नाव द्यायचं आणि पत्ता असेम्ब्लरने मोजायचा. आज्ञा वाढली, कमी झाली, तरी तो नव्याने मोजतो. आठवडाभर मी जे तोंडाने समजावत होते, ते तिला पायांनी कळलं होतं.

मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा तिने भंगारात निघालेलं एक ८०८५ किट आठवड्यासाठी दिलं. हिरव्या पट्टीवर तोच चाळीस पायांचा गडी, आकड्यांची बटणं आणि सहा लाल आकडे दाखवणारी खिडकी. ह्यात असेम्ब्लर नाही. नावांवरून आकडे आपणच तक्त्यात शोधायचे आणि बटणांनी भरायचे. कितीतरी इंजिनिअर ह्याच किटवर शिकले आहेत. "भंगारात का काढलं?" मी विचारलं. "सी बटण चालत नाही," ती म्हणाली.

सी बटण नाही म्हणजे सी२ भरता येणार नाही, उडी बंद! सी६ भरता येणार नाही, सात मिळवणं बंद! मुलांचे चेहरे पडले. मीही किट परत पिशवीत भरायला घेतलं होतं.

पण ती तक्ता घेऊन बसली. २४६ आकड्यांचा तक्ता, बोट ठेवून एकेक ओळ. आधी तिने ८१ शोधला. त्याचा अर्थ ‘सी पेटीतला आकडा ए मध्ये मिळव’. "बाई, सी पेटी चालेल ना? फक्त सी बटण बंद आहे!" सी पेटीत सात भरायचे तर ०ई ०७. त्यातही सी हे अक्षर नाही. मग उड्यांच्या ओळी. सी२, सी३, सीए, सगळे बाद. डी२, ई२… आणि एफ२. ‘आकडा अधिक असेल तर उडी मार’. उणे झाला की थांबेल. चालेल!

मुलांनी आळीपाळीने बटणं दाबली. पहिल्या वेळी खिडकीत उत्तर आलं ३१. सोळाच्या हिशोबात ३१ म्हणजे तीन वेळा सोळा आणि एक, म्हणजे एकोणपन्नास. सात जास्त! बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "तो शून्यालापण अधिकच समजतोय. एक उडी जास्त मारतोय." अगदी बरोबर. बी मध्ये सहाऐवजी पाच भरायला हवे होते.

किटची मेमरी २००० ह्या पत्त्यापासून सुरू होत होती. तिच्या वहीतला शेवटचा प्रोग्रॅम असा होता: ३ई ००, ०६ ०५, ०ई ०७, ८१, ०५, एफ२ ०६ २०, ३२ ५० २०, ७६. ह्यातली ३२ ही आज्ञा उत्तर २०५० क्रमांकाच्या कप्प्यात ठेवते. तो कप्पा उघडला. खिडकीत लाल अक्षरं आली, २ए.

"चूक!" एक जण ओरडला. "हे तर काहीतरी भलतंच आलं."

"दोन वेळा सोळा बत्तीस," ती बोटं मोजत म्हणाली, "आणि ए म्हणजे दहा."

त्यानंतर आम्ही परत संगणकांकडे गेलो. सिम्युलेटर तोच, पडदा तोच. पण आता मागे बसणाऱ्यांनाही आत काय चाललंय ते माहीत होतं. एक आज्ञा मध्ये घातली आणि असेम्ब्लरने पत्ता आपोआप बदलला, तेव्हा व्हरांड्यात पळालेल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ज्यांनी पाट्या सरकवल्या नव्हत्या, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसतं.

एका पालकांनी मला विचारलं, ह्याचा स्कॉलरशिपला उपयोग होतो का? नाही होत. तसं मी सांगूनही टाकलं. पण घरी करायचं असेल, तर पैसे लागत नाहीत. आधी खडू आणि पाट्या, नाहीतर वहीची पानं. नंतर जीएनयूसिम८०८५, तो विंडोजवर आणि लिनक्सवर चालतो. नॅझमची घाई करू नका, कॉलेजात गेल्यावर आहेच. आणि संगणकापुढे मुलं दोनापेक्षा जास्त बसवू नका. हे मी अनुभवाने सांगते.

किट सोमवारी परत केलं. मैत्रीण सी बटण बदलणार होती. "राहू दे ना," मी म्हटलं. ती हसली.

आता तुमच्यासाठी एक काम. सात सक बेचाळीस झालं. उलटं कसं करायचं? बेचाळीसमध्ये सात किती वेळा जातात, हे ८०८५कडून काढून घ्यायचं आहे. भागाकार त्याला येत नाही, पण वजाबाकी येते. ‘सी पेटीतला आकडा ए मधून वजा कर’, ह्याचा आकडा ९१. ‘बी पेटीत एक वाढव’, ह्याचा ०४. बेचाळीस हे सोळाच्या हिशोबात २ए असे लिहायचे. आणि अट तीच, सी बटण बंद आहे! आमच्या वर्गात तिघांनी करून दाखवलं. दोघांचं उत्तर आधी सात आलं होतं.